वाचकांचे प्रश्न : पत्रकार संघाने पर्यावरणाचं नेमकं काय करायचं?

मराठवाड्यातले तालुका वार्ताहर, पत्रकार संघांचे पदाधिकारी आणि काही चिडलेले वाचक यांची पत्रं या महिन्यात एकाच विषयाभोवती फिरत होती. वाळू, सांडपाणी, धरण, धूर या बाबतीत पत्रकारांच्या संघटनेने करायचं काय आणि थांबायचं कुठे, हा तो विषय. त्यातले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. कायद्याची कलमं जिथे अर्जात लिहावी लागतात, तिथेच दिली आहेत.

प्रश्न : आमचा तालुका संघ दरवर्षी ५ जूनला वृक्षारोपण करतो आणि ६ जानेवारीला दर्पण दिनी पर्यावरणावर व्याख्यान ठेवतो. यापलीकडे काय करता येईल?
– सचिव, तालुका पत्रकार संघ, गंगाखेड

आधी झाडांचं बोलू. ५ जूनला आपल्याकडे बहुतेक वर्षी पाऊस पोचलेलाच नसतो. तापलेल्या जमिनीत लावलेलं रोप पंधरा दिवसांत वाळतं आणि फोटो तेवढा उरतो. एप्रिल-मे महिन्यात दोन फूट लांब, रुंद आणि खोल असे खड्डे घेऊन ते उन्हात तापू द्या. जमीन खोलवर ओली झाली की जुलैमध्ये रोपं लावा आणि पुढचे दोन उन्हाळे पाणी घाला. दोनशेच्या जागी वीसच लावा, पण पुढच्या ५ जूनला त्याच वीस झाडांचा फोटो छापा. जगली किती, मेली किती, तेही त्याखाली लिहा.

संघाचं खरं बळ मात्र झाडांत नाही. तालुक्यात पंधरा-वीस वार्ताहर असतात आणि गावोगावचं त्यांच्या कानावर येतं. पण वर्तमानपत्रात बातमी एकदा छापून येते आणि दुसऱ्या दिवशी जागा दुसऱ्या बातमीला जाते. अधिकाऱ्यांची बदली होते, वार्ताहर पेपर बदलतो, आणि तीन वर्षांनी तोच नाला नव्याने ‘उघडकीस’ येतो. लक्षात ठेवण्याचं हे काम एकट्या वार्ताहराला जमत नाही, संघाला जमतं.

म्हणून वर्षाला एकच विषय घ्या आणि त्याची नोंदवही ठेवा. तक्रारीची तारीख, ठिकाण, कोणत्या कार्यालयाला कळवलं, आवक क्रमांक, उत्तराची तारीख आणि पुढे विचारायची तारीख एवढे सहा रकाने पुरतात. मासिक बैठकीत पहिला विषय हीच वही. हे फसतं ते दोन कारणांनी. एकतर उत्साहाच्या भरात पाच विषय हाती घेतले जातात, नाहीतर वही अध्यक्षांच्या घरी राहते आणि निवडणुकीनंतर नवे अध्यक्ष ती मागायला जात नाहीत. वहीतल्या प्रत्येक पानाचा फोटो काढून तो तीन सभासदांकडे ठेवा.

प्रश्न : गोदापात्रातल्या वाळूबद्दल आम्ही सतत लिहितो. ‘बेसुमार उपसा’, ‘वाळूमाफियांचा धुडगूस’ अशा बातम्या येतात, दोन हायवा पकडले जातात आणि पुन्हा ये रे माझ्या मागल्या. आमचं कुठे चुकतं?
– वार्ताहर, गेवराई तालुका

‘बेसुमार’ हा शब्द तिथे चुकतो. सुमार काय होता ते सांगितल्याशिवाय त्याला वजन येत नाही. मंजुरी किती ब्रासची, खोली किती, गट नंबर आणि हद्दीचे अक्षांश-रेखांश कोणते, हे कागद आधी हातात हवेत.

सुरुवात जिल्हा सर्वेक्षण अहवालापासून करा. केंद्राच्या १५ जानेवारी २०१६ च्या अधिसूचनेनुसार गौण खनिजाच्या (वाळू, मुरूम वगैरे) या अहवालाचा मसुदा जिल्हाधिकारी कार्यालयात आणि जिल्ह्याच्या संकेतस्थळावर २१ दिवस लोकांसाठी ठेवावा लागतो. नदीत वाळू किती साचते आणि कुठून किती काढता येईल, हे त्यात मांडलेलं असतं. या २१ दिवसांत हरकत घेणारा बहुधा कोणीच नसतो. संघाने फक्त हा मसुदा आला याची बातमी सगळ्या सभासदांकडून एकाच दिवशी दिली, तरी नदीकाठच्या गावांना वेळेवर कळेल. लिलाव झाल्यावर ओरडणं म्हणजे वरातीमागून घोडं.

घाट मंजूर असेल तर माहिती अधिकारात चार गोष्टी मागा : पर्यावरण मंजुरीची प्रत, हद्दीचा नकाशा, राज्याच्या महाखनिज या ऑनलाइन प्रणालीवर दिलेल्या वाहतूक पासांची तारीखवार संख्या आणि घाट बंद करताना झालेली मोजणी.

मग हिशेब करा. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे २.८३ घनमीटर. समजा पात्रातला खड्डा १०० मीटर लांब, ४० मीटर रुंद आणि सरासरी २ मीटर खोल आहे. घनफळ ८,००० घनमीटर, म्हणजे सुमारे २,८२५ ब्रास. पास निघाले १,२०० ब्रासचे, तर उरलेली वाळू कोणत्या पासवर गेली, हा प्रश्न तहसीलदारांना लेखी विचारता येतो. त्याचं उत्तर ‘कारवाई सुरू आहे’ असं देता येत नाही.

लांबी-रुंदीसाठी सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाची चित्रं फुकट मिळतात. कोपर्निकसच्या संकेतस्थळावर गावाचं नाव टाकून तारीख निवडायची. दर पाच दिवसांनी चित्र येतं आणि त्यातला एक ठिपका १० मीटरचा असतो. त्यामुळे ट्रॅक्टर, केनी किंवा तराफा दिसणार नाही, पण पात्रातला रस्ता आणि मोठा खड्डा दिसतो. ऑक्टोबरचं चित्र आणि मेचं चित्र शेजारी ठेवा. जुलै-ऑगस्टमध्ये ढग असतात, शिवाय एक पूर आला की खड्डा बुजतो आणि पुरावाही वाहून जातो. नदीने स्वतःच वळण बदललं असेल तर तेही उपसा म्हणून छापलं जाण्याचा धोका असतो, म्हणून वरच्या बाजूचा एक न उपसलेला पट्टा तुलनेला घ्या. खोली चित्रावरून कळत नाही. ती पंचनाम्यातून घ्या किंवा दिवसा, गावातली दोन माणसं सोबत घेऊन, टेपने मोजा. रात्री एकट्याने पात्रात उतरू नका. त्या एका व्हिडिओपेक्षा पासांची यादी जास्त बोलते.

दंडाचीही बातमी अर्धवट सोडू नका. महसूल संहितेच्या कलम ४८ (७) प्रमाणे अवैध उत्खननाला खनिजाच्या बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होतो. दंड किती ठोठावला हे छापून येतं. वसूल किती झाला, हे सहा महिन्यांनी विचारायचं काम नोंदवहीचं.

प्रश्न : नाल्याला काळं पाणी आलं, मासे मेले. संघाने पाण्याचा नमुना तपासून घेतला आणि बातमी दिली. कारखाना म्हणतो, नमुना आमच्या आवारातला नाहीच. आता?
– वाचक, लातूर जिल्हा

कारखान्याच्या म्हणण्यात कायद्याच्या अंगाने तथ्य आहे. जल प्रदूषण कायदा १९७४ च्या कलम २१ नुसार न्यायालयात टिकणारा सांडपाण्याचा नमुना प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्यानेच घ्यावा लागतो, कारखान्याला तशी सूचना देऊन, दोन भाग करून आणि सीलबंद करून. पत्रकारांचा नमुना खटल्यासाठी नसतो. मंडळाला त्याच दिवशी हलवणं आणि बातमीला आधार देणं, एवढंच त्याचं काम. पण तेवढ्यासाठीही तो नीट घेतलेला हवा.

एकच बाटली भरून आणली, तर तिच्यावरून काहीच सिद्ध होत नाही. एकाच तासात तीन जागचं पाणी घ्या : नाला नदीला मिळतो त्याच्या वरच्या बाजूचं, नाल्याच्या तोंडाचं, आणि खाली शंभर-दोनशे मीटरवर पाणी पूर्ण मिसळल्यानंतरचं. वरचं पाणी चांगलं आणि खालचं खराब असेल तरच बोट नाल्याकडे जातं. प्रत्येक जागी दोन लिटर पाणी स्वच्छ प्लास्टिकच्या डब्यात, त्याच पाण्याने तीनदा विसळून भरायचं. बीओडीसाठी, म्हणजे पाण्यातली घाण कुजताना किती प्राणवायू लागतो त्या चाचणीसाठी, ३०० मिलिलिटरची काचेची बाटली प्रयोगशाळेतून आधी आणून ठेवा. ती पाण्याखाली धरून, बुडबुडा न राहता काठोकाठ भरून तिथेच बंद करा. पाण्याचं तापमान आणि सामू (पीएच) जागेवरच मोजून लिहा, कारण प्रयोगशाळेत पोचेपर्यंत दोन्ही बदलतात. बाटल्या बर्फाच्या पेटीत ठेवून २४ तासांच्या आत पोचवा. आपल्याकडे बीओडीची चाचणी २७ अंश तापमानाला तीन दिवस चालते. त्यामुळे ‘उद्या अहवाल’ असं कोणी सांगितलं तर तो बीओडीचा नाही हे ओळखा.

डब्यावर तारीख, वेळ, जागा आणि दोन पंचांच्या सह्या घ्या. नमुना कोणी घेतला, कोणी नेला, कोणी स्वीकारला ही साखळी कागदावर हवी. प्रयोगशाळा राष्ट्रीय मान्यता मंडळाची (एनएबीएल) मान्यता असलेली निवडा आणि ती मान्यता नेमक्या त्या चाचण्यांसाठी आहे का, हे विचारा. खर्च मोठा असतो, एका तालुका वार्ताहराच्या खिशाला तो झेपणारा नाही. संघाने वर्गणीतून या कामासाठी निधी वेगळा ठेवावा, असं आम्ही म्हणतो ते यासाठीच.

नमुना घेत असतानाच मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयाला ई-मेल करा. त्यात वेळ, ठिकाण आणि फोटो टाका आणि ‘संयुक्त नमुना घ्यावा’ ही मागणी लिहा. बहुतेक ठिकाणी घोडं इथेच अडतं. पाणी सुटतं रात्री, अधिकारी येतात दुसऱ्या दिवशी दुपारी, तोवर नाला धुतलेला असतो. ई-मेलची वेळ आणि भेटीची वेळ यांतलं अंतर हीच पुढची बातमी.

कारखान्याचं संमतीपत्रही मंडळाच्या संकेतस्थळावरून काढा. रोज किती घनमीटर सांडपाण्याची परवानगी आहे ते त्यात असतं. साखर कारखान्यांना २०१६ पासून गाळपाच्या टनामागे २०० लिटर ही कमाल मर्यादा आहे. आसवनीला (मळीपासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्याला) तर मळीचं सांडपाणी बाहेर सोडताच येत नाही.

आणि एक सावधगिरी. मासे मेले म्हणजे कारखानाच, असं गृहीत धरू नका. साचलेल्या पाण्यात शेवाळ फार वाढलं की पहाटे पाण्यात विरघळलेला प्राणवायू अगदी कमी होतो आणि मासे तसेही मरतात. माशांना लिटरमागे किमान ४ मिलिग्रॅम प्राणवायू लागतो. तो पहाटे आणि दुपारी दोन्ही वेळा मोजला तर उलगडा होतो.

प्रश्न : जायकवाडी एका पेपरात निम्मं भरलेलं असतं, दुसऱ्यात ३३ टक्के. वाचकांनी खरं कुणाचं मानायचं?
– निवृत्त शाखा अभियंता, पैठण

दोन्ही आकडे एकाच दिवशी खरे असू शकतात, म्हणूनच गोंधळ होतो. नाथसागराचा, म्हणजे जायकवाडीचा, एकूण साठा २,९०९ दशलक्ष घनमीटर (दलघमी). त्यातला ७३८ मृतसाठा, म्हणजे तळाचं, एरवी सोडता न येणारं पाणी. उरलेला उपयुक्त साठा २,१७१ दलघमी किंवा ७६.६५ टीएमसी (अब्ज घनफूट). धरणात १,४५५ दलघमी पाणी असेल तर एकूण साठ्याच्या हिशेबाने ते निम्मं होतं. मृतसाठा वजा केला की ७१७ उरतात, म्हणजे उपयुक्त साठ्याचे ३३ टक्के. पाटबंधारे खात्याची टक्केवारी उपयुक्त साठ्याची असते. बातमीत ‘उपयुक्त’ हा शब्द गळला की वाद सुरू होतो.

या टक्केवारीवर भांडणं उभी आहेत. जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या सप्टेंबर २०१४ च्या आदेशात, गोदावरीच्या पाणीवाटपासाठीच्या मेंढेगिरी समितीच्या सूत्रानुसार, १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांहून कमी पाणी असेल तर नगर-नाशिकच्या धरणांतून पाणी सोडण्याची तरतूद आली. ६५ टक्के म्हणजे सुमारे १,४११ दलघमी.

जिल्हा संघांनी एक पानाचा तक्ता करून सभासदांना द्यावा : जिल्ह्यातल्या प्रत्येक प्रकल्पाचा एकूण, मृत आणि उपयुक्त साठा. खाली दोन रूपांतरं लिहा. १ टीएमसी म्हणजे २८.३२ दलघमी, आणि ११,५७४ क्युसेकने (सेकंदाला तितके घनफूट) २४ तास पाणी चाललं की १ टीएमसी होतं. त्याच पानावर पावसाचंही टाका. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या पुढे गेला की अतिवृष्टी. ढगफुटी मात्र तासाला १०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस थोड्याशा भागात पडला तरच म्हणायची. आपल्याकडे दर जोराच्या पावसाला ‘ढगफुटीसदृश’ म्हणायची सवय लागली आहे. ‘सदृश’ लावलं की आकडा द्यावा लागत नाही, ही त्यातली सोय.

प्रश्न : साखर कारखान्याच्या विस्तारीकरणाची जनसुनावणी झाली, गावाला पत्ताच नाही. यात पत्रकारांची जबाबदारी कुठे येते?
– ग्रामपंचायत सदस्य, धाराशिव जिल्हा

सूचना पेपरातच आलेली असते, पण जाहिरातीच्या पानावर, बारीक टायपात. पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी, एका राष्ट्रीय आणि एका प्रादेशिक भाषेतल्या दैनिकात द्यावी लागते. अहवालाचा मसुदा आणि मराठी सारांश जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्र आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ इथे पाहायला ठेवलेला असतो.

संघात एका सभासदाला एवढंच काम द्या : रोज जाहिरातीची पानं चाळायची, जनसुनावणीची सूचना दिसली की कापून संघाच्या मोबाइल गटावर टाकायची. बातमी तीनदा यावी : सूचना निघाल्यावर, सुनावणीच्या दहा दिवस आधी सारांशातल्या मुद्द्यांसह, आणि आदल्या दिवशी. सारांशात तीन गोष्टी शोधा : पाणी कुठून आणि रोज किती घनमीटर, सांडपाणी कुठे, राख कुठे. पाण्याचा स्रोत ‘धरण’ लिहिला असेल तर पाटबंधारे खात्याचं मंजुरीपत्र जोडलं आहे का, ते पाहा.

सुनावणीला गणपूर्तीची अट नाही. पाच माणसं आली तरी ती झाली असंच धरलं जातं. हजर असलेल्या प्रत्येकाला प्रश्न विचारायचा हक्क आहे, कामकाजाचं चित्रीकरण होतं, आणि शेवटी इतिवृत्ताचा सारांश स्थानिक भाषेत वाचून दाखवून त्याच दिवशी सही व्हावी लागते. हे वाचन होईपर्यंत वार्ताहराने खुर्ची सोडू नये. कारण जेवणाची वेळ झाली की मंडप रिकामा होतो, आणि ‘ग्रामस्थांनी प्रकल्पाचं स्वागत केलं’ हे वाक्य नेमकं तेव्हाच कागदावर उतरतं. गावकऱ्यांनी लेखी निवेदन द्यावं आणि पोच घ्यावी. तोंडी बोलणं गाळता येतं, पोच घेतलेला कागद गाळणं अवघड जातं.

मंजुरी मिळाल्यावरही काम उरतं. प्रकल्पाला दर वर्षी १ जून आणि १ डिसेंबरला अटींच्या पालनाचा सहामाही अहवाल द्यावा लागतो. या दोन तारखा नोंदवहीत लाल शाईने लिहा.

प्रश्न : ज्या कारखान्याविरुद्ध लिहायचं, त्याच कारखान्याची गळीत हंगामाची जाहिरात आणल्याशिवाय आमचं कमिशन निघत नाही. खरं सांगा, पाण्यात राहून माशाशी वैर कसं धरायचं?
– तालुका प्रतिनिधी, बीड जिल्हा

एकट्याने धरता येत नाही. एका वार्ताहराने बातमी दिली की जाहिरात तुटते आणि ती दुसऱ्याला मिळते, हे कारखानदारांनाही ठाऊक असतं. उपाय एकच : कागद संघाने जमवायचे आणि सगळ्या सभासदांना एकाच वेळी द्यायचे. सगळीकडे एकाच दिवशी छापून आलं तर जाहिरात कुणाकुणाची तोडणार? छापणं-न छापणं मात्र ज्याच्या त्याच्या संपादकांवर सोडा. संघाने बातम्या लिहून वाटायला सुरुवात केली की तो प्रसिद्धी विभाग होतो.

काही पथ्यं संघानेही पाळावी लागतात. दर्पण दिनाचे पुरस्कार, अधिवेशनाचं जेवण, दिवाळी स्मरणिकेतली पानं यांचा खर्च वाळू ठेकेदार किंवा कारखाना उचलत असेल, तर त्या विषयावर संघाने बोलू नये. बोललं तर लोक हसतात, आणि हसायला त्यांच्याकडे कारण असतं. त्याहून वाईट प्रकार म्हणजे तक्रारीचा अर्ज करून नंतर तो ‘मिटवणं’. असा एक जरी सभासद निघाला तरी सगळ्या संघाचे कागद संशयित होतात. म्हणून संघाच्या नावाने गेलेला कोणताही अर्ज कार्यकारिणीच्या ठरावाशिवाय मागे घेता येणार नाही, असा नियम इतिवृत्तात लिहून ठेवा.

प्रश्न : माहिती अधिकाराचा अर्ज संघाच्या लेटरहेडवर केला तर तो नाकारला. शिवाय एक सभासद म्हणतात, पर्यावरणाचं काम आपल्या घटनेतच बसत नाही.
– कोषाध्यक्ष, हिंगोली

माहिती अधिकार कायद्याच्या कलम ३ मध्ये हक्क ‘नागरिकाला’ आहे, संस्थेला नाही. सचिवाने स्वतःच्या नावाने अर्ज करावा. महाराष्ट्राच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द ही मर्यादा आहे. पाच विषय कोंबलेले अर्ज याच मुद्द्यावर परत येतात. अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, पानामागे २ रुपये. उत्तराला ३० दिवस. नंतर ३० दिवसांत पहिलं अपील, त्याला २० रुपयांचा स्टॅम्प. दुसरं अपील ९० दिवसांत, आपल्याकडच्यांसाठी छत्रपती संभाजीनगर खंडपीठाकडे. तिथे वेळ लागतो. म्हणून बातमीला आज हवी असलेली माहिती आधी संकेतस्थळावर शोधा, अर्ज फाइलमधल्या टिपणीसाठी आणि पंचनाम्यासाठी राखून ठेवा. ‘का केलं नाही’ असं विचारू नका, ‘अमुक तारखेच्या तक्रारीवर झालेल्या कार्यवाहीची प्रत द्या’ असं मागा.

घटनेबद्दल तुमच्या सभासदांचं म्हणणं तपासून पाहा. संघ १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली असेल तर उद्देश बदलायला कलम १२ प्रमाणे विशेष सभा घ्यावी लागते. तिची लेखी सूचना दहा दिवस आधी, तीन-पंचमांश मतं, आणि महिन्याच्या अंतराने दुसऱ्या सभेत पुन्हा तितकीच मंजुरी. मग ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज. संघ कामगार संघटना म्हणून नोंदलेला असेल तर सर्वसाधारण निधी कशावर खर्च करायचा यावर कायद्याचंच बंधन असतं. पाणी तपासणीचा खर्च त्यात घुसवू नका, वेगळी वर्गणी काढा.

प्रश्न : संघाने हरित न्यायाधिकरणात जावं का?
– परभणी

शक्यतो नाही. अर्जदार झालात की तुमची प्रत्येक बातमी पक्षकाराची होते. बाधित गावकऱ्यांना जाऊ द्या आणि तुमचे कागद त्यांना द्या. त्यांना दोन गोष्टी वेळेवर सांगा. न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागीय पीठ पुण्यात आहे, आणि न्यायाधिकरणाच्या कायद्यातल्या कलम १४ खालचा अर्ज कारण घडल्यापासून सहा महिन्यांत करावा लागतो. सबळ कारण असेल तर आणखी ६० दिवस मिळतात. नुकसानभरपाईसाठी कलम १५ खाली पाच वर्षांची मुदत आहे. भरपाई मागायची नसेल तर शुल्क १,००० रुपये. सहा महिने निवेदनं देण्यात जातात, आणि वकिलाकडे पोचेपर्यंत मुदत संपलेली असते.

प्रश्न : मोबाइलवर जालन्याची हवा एका ॲपमध्ये हिरवी, दुसऱ्यात लाल. बातमीत कोणती घ्यायची?
– जालना

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या समीर ॲपवर स्टेशनचा आकडा असेल तर तो घ्या. बाकीच्या बऱ्याच ॲपचे आकडे संगणकीय अंदाजाचे असतात, आणि काही दुसऱ्या देशाच्या मोजपट्टीवर बेतलेले. आपला हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक २४ तासांच्या सरासरीवर काढतात, त्याला किमान १६ तासांची नोंद लागते. त्यामुळे पहाटे भट्ट्यांचा धूर खाली दबलेला असताना दिसलेला एका तासाचा आकडा ‘आजची हवा’ म्हणून देऊ नका. हवेतल्या सूक्ष्म कणांचं मानक असं आहे : पीएम २.५ (२.५ मायक्रॉनपर्यंतचे कण) साठी २४ तासांना ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर, पीएम १० साठी १००.

जालना, लातूर आणि छत्रपती संभाजीनगर ही तिन्ही शहरं राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात आहेत. त्यासाठी आलेला पैसा रस्ते झाडायच्या यंत्रावर किती गेला आणि कारखान्यांच्या धुरावर किती, हा प्रश्न महापालिकेला विचारायला ॲप लागत नाही.

प्रश्न : धमक्या येतात. संघ निषेधाचं पत्रक काढतो. पुढे काही नाही.
– नाव छापू नये

२०१७ चा महाराष्ट्राचा प्रसारमाध्यम संरक्षण कायदा पत्रकारावरच्या हिंसक कृत्यांसाठी आहे. त्याखालचा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि तपास पोलिस उपअधीक्षकाच्या खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याला करता येत नाही. ठाण्यात फिर्याद देताना या कायद्याचं नाव लेखी घाला. ते नसेल तर साध्या मारहाणीचं कलम लागतं. फोनवरची धमकी असेल तर कॉलची तारीख-वेळ, रेकॉर्डिंग आणि आधी छापलेल्या बातमीचं कात्रण जोडा, म्हणजे कामाशी संबंध दिसतो. संघाने पत्रक काढण्याआधी दोन पदाधिकारी ठाण्यात सोबत पाठवावेत.

मानहानीच्या नोटिशीला वेगळी तयारी लागते. बातमीआधी समोरच्याला प्रश्न लेखी पाठवा, दोन दिवस द्या, आणि उत्तर आलं नाही तर ‘पाठवलेल्या ई-मेलला उत्तर मिळालं नाही’ असं तारखेसह छापा.

प्रश्न : आमच्या गावच्या बोअरमध्ये फ्लोराइड आहे अशी बातमी आली होती. बायका अजून तेच पाणी भरतात, कारण पेपर पुरुष वाचतात, तोही चावडीवर. जनजागृती म्हणजे नेमकं काय?
– बचत गटाच्या सचिव, किनवट तालुका

ताई, तुमचा प्रश्न सगळ्या संघांनी वाचावा असा आहे. ‘फ्लोराइडचं प्रमाण जास्त’ एवढं छापून घागर दुसऱ्या पंपाकडे वळत नाही. कोणता पंप वाईट आणि जवळचा कोणता चालेल, हे सांगावं लागतं.

मर्यादा अशी आहे : लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत चांगलं, दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्यायचं. त्यापुढचं पाणी पिण्याला आणि स्वयंपाकाला नको. धुण्याभांड्याला आणि अंघोळीला चालतं. पाणी उकळून उपयोग नाही. पाणी उडून जातं आणि फ्लोराइड मागे राहतं, म्हणजे प्रमाण उलट वाढतं. तुरटी फिरवून किंवा कापडाने गाळूनही ते जात नाही. आठ वर्षांच्या आतल्या मुलांना आधी जपा, त्यांचे पक्के दात याच वयात घडत असतात. पावसाचं पत्र्यावरचं पाणी, पहिले दोन-तीन पाऊस सोडून, स्वच्छ टाकीत साठवलं तर पिण्यापुरता मोठा आधार होतो.

नमुना प्लास्टिकच्या बाटलीत द्या, फ्लोराइडला काच चालत नाही. तपासणी भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत होते, ग्रामपंचायतीमार्फत पाठवा. पाणी उन्हाळ्याअखेरीस आणि पावसाळ्यानंतर असं दोनदा तपासा, कारण पातळी खाली गेली की आकडा बदलू शकतो.

किनवटच्या पत्रकारांना आमची सूचना अशी : बातमीसोबत दोन मिनिटांचा आवाजी संदेश गावच्या बोलीत, बंजारा आणि गोंडी वस्त्यांसाठी त्यांच्या भाषेत, बचत गटांच्या मोबाइल गटांवर पाठवा. अहवालाची प्रत आशाताईंना द्या आणि आकाशवाणी नांदेडलाही कळवा. आणि पंपावरच रंगवा : लाल पट्टा म्हणजे पिऊ नका, हिरवा म्हणजे चालेल, शेजारी तपासणीचा महिना आणि वर्ष. तारीख नसलेला हिरवा पट्टा दोन वर्षांनी धोक्याचा ठरतो, म्हणून दर तपासणीनंतर तो पुसून नव्याने रंगवायचा. रंगाचा डबा ग्रामपंचायतीकडून मागा, आणि दिला नाही तर तीही बातमीच आहे.